एका गोळींतील तीन औषधें

कंबरेंत उसण भरली, मान अवघडली किंवा पाय मुरगळला म्हणजे हल्लीं शहरांतल्या घरांत वाळूची पुरचुंडी तव्यावर तापविली जात नाहीं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानांतून एक गोळी आणविली जाते. त्या गोळीच्या चकचकीत पट्टीमागें बारीक अक्षरांत जीं नांवें छापलेलीं असतात, तीं सहसा कोणी वाचीत नाहीं. वाचलीं तर असें आढळेल कीं, गोळी एक असली तरी औषधें तीन आहेत. बहुधा त्यांत एक पॅरासिटामॉल असतें, दुसरें डायक्लोफेनॅक किंवा त्याच्याच जातीचें एखादें, आणि तिसरें क्लोरझोक्साझोन. पहिलीं दोन वेदना कमी करणारीं. तिसरें आंखडलेले स्नायु सैल करणारें. हीं तिन्ही तीन निरनिराळ्या घराण्यांतलीं आहेत. नवल हें कीं, तिन्ही घराण्यांचें मूळ औषध आधीं सांपडलें आणि तें शरीरांत काय करतें याचें ज्ञान पुष्कळ मागाहून झालें. ज्ञान येईपर्यंत थांबण्यास मात्र कोणी तयार नव्हतें. त्यापूर्वींच मिश्रणें झालीं, पुड्या बांधल्या गेल्या आणि घरोघर खपूंहि लागल्या.

सर्वांत जुनें घराणें वाळुंजाच्या सालीचें. इंग्लंडांतील चिपिंग नॉर्टन येथील एडवर्ड स्टोन या पाद्र्यानें युरोपांतील वाळुंजाची साल चाखून पाहिली, तों ती विलक्षण कडू लागली. सिंकोन्याची साल कडू असून तापावर चालते, तेव्हां ही देखील चालेल. शिवाय दलदलीच्या जागीं होणाऱ्या तापाचें औषध दलदलींतच उगवलें असलें पाहिजे, असा त्यानें तर्क केला. तर्काचे दोन्ही पाय लंगडे होते. निष्कर्ष मात्र बरोबर निघाला. सुमारें पन्नास रोग्यांना सालीची पूड देऊन १७६३ सालीं त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीस आपला अनुभव कळविला. पुढें १८२८ सालीं सालींतील कडू सत्त्व वेगळें काढण्यांत आलें, त्यापासून सॅलिसिलिक ॲसिड झालें, आणि जर्मनींत बायर कारखान्याच्या प्रयोगशाळेंत फेलिक्स हॉफमन यानें १० ऑगस्ट १८९७ रोजीं त्याचें सौम्य रूप तयार केलें. १८९९ पासून तें ॲस्पिरिन या नांवानें जगभर पसरलें. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन वगैरे आजचीं औषधें रासायनिक दृष्ट्या ॲस्पिरिनचीं मुलें नव्हेत. पण शरीरांत काम तेंच करतात, म्हणून त्यांची गणना याच घराण्यांत होते.

दुसरें घराणें दुकानदाराच्या चुकींतून जन्मास आलें. १८८६ च्या सुमारास स्ट्रासबुर्ग येथील रुग्णालयांत आर्नोल्ड कान व पाउल हेप हे दोन तरुण डॉक्टर आंतड्यांतील जंतांवर नॅफ्थॅलिन, म्हणजे कपड्यांत ठेवावयाच्या डांबरगोळ्यांचें द्रव्य, देऊन पाहत होते. जंतांचें कांहीं बिघडेना. पण एका रोग्याचा ताप मात्र एकाएकीं उतरला. चौकशी करतां असें निघालें कीं, नॅफ्थॅलिन म्हणून आलेलें द्रव्य नॅफ्थॅलिन नव्हतेंच; तें ॲसिटॅनिलाइड होतें. रंगाच्या कारखान्यांत हें द्रव्य सुलभ व स्वस्त असे. त्यानें ताप उतरे, डोकें दुखावयाचें थांबे. परंतु ओठ व नखें निळीं पडत, कारण रक्तांतील तांबड्या द्रव्याची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति त्यामुळें कमी होई. बायर कारखान्यांत रंग करतांना उरलेलें एक निरुपयोगी द्रव्य त्या वेळीं टनांच्या हिशेबानें पडून होतें. त्यापासून १८८७ सालीं ॲसिटॅनिलाइडचा एक धाकटा, पुष्कळ सौम्य असा भाऊ तयार करण्यांत आला. त्याचें नांव फेनॅसिटिन. अडगळीचे पैसे झाले आणि रोग्यांचे ओठहि पूर्वीइतके निळे पडेनात; कारखानदारास याहून अधिक काय हवें असतें!

यानंतर मिश्रणांचा काळ सुरू झाला. ॲस्पिरिन, फेनॅसिटिन आणि कॅफीन या त्रयीची 'एपीसी' गोळी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सैन्याच्या छावणीपासून शाळेच्या कपाटापर्यंत सर्वत्र असे. महाराष्ट्रांतील घराघरांत ठाऊक असलेली सॅरिडॉन ही त्याच पिढीची. ती स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीनें १९३३ सालीं काढली आणि तिच्याहि मूळ कृतींत फेनॅसिटिन व कॅफीन होतें. कॅफीन म्हणजे चहा-कॉफींतील तरतरी आणणारें द्रव्य. वेदनाशामकाचा गुण तें थोडासा वाढवितें हें खरें. परंतु रोज घेण्याची संवय लागलेल्या माणसाचें कॅफीन बंद झालें कीं डोकें दुखूं लागतें. अर्थात् जी पुडी आज डोकेदुखी घालवी, तीच उद्यां ती घेऊन येई, आणि तिच्यावर उतारा म्हणून पुन्हां पुडीच लागे.

याचा परिणाम काय होतो तें स्वीडनमधील हुस्क्वार्ना या गांवानें पाहिलें. तेथें बंदुका, शिवणयंत्रें वगैरे तयार करणारा मोठा कारखाना होता. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथींत यॉर्टन नांवाच्या डॉक्टरांनीं फेनॅसिटिन, फेनाझोन व कॅफीन यांची एक पुडी लोकांस दिली. साथ गेली, पुडी राहिली. ती घेतली कीं हुरूप वाटतो, काम झपाट्यानें होतें, असा कामगारांत समज पसरला. कित्येक लोक दिवसांतून अनेक पुड्या घेऊं लागले. वाढदिवसास भेट म्हणून देखील त्या दिल्या जात. वर्षानुवर्षें हें चाललें. मग पन्नाशीच्या आंतबाहेरचीं माणसें मूत्रपिंडें निकामी होऊन मरूं लागलीं. १९५३ सालीं स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनीं अशाच पुड्या घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडांत घडणारी एक विशिष्ट विकृति वर्णन केली, आणि १९६३ सालीं ग्रिमलुंड या डॉक्टरांनीं हुस्क्वार्नाच्या कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. पुडी नित्य घेणारे आणि न घेणारे यांच्यांतील फरक त्या पाहणींत लख्ख दिसत होता. ऑस्ट्रेलियांत तर हा रोग घरकाम करणाऱ्या स्त्रियांत पसरला होता. शिणवट्यावर एक पुडी घ्यावी आणि घटकाभर पडावें, अशी तेथें म्हणच पडून गेली होती.

हें कळावयास इतकीं वर्षें कां लागलीं, याचें उत्तर मिश्रणाच्या स्वभावांत आहे. निव्वळ फेनॅसिटिन घेणारा माणूस जवळ जवळ कोठेंच नव्हता. जो तो तीन औषधें एकदम घेत असे. त्यामुळें अपाय दिसला तरी अपराधी कोण, याचा निवाडा होईना. एकाच्या आड दुसरें लपे. शेवटीं ज्या देशांनीं पुड्यांतून फेनॅसिटिन काढून टाकलें, तेथें हा रोग ओसरत गेला, आणि हाच त्याच्याविरुद्ध मोठा पुरावा ठरला. अमेरिकेनें तें १९८३ सालीं बाजारांतून काढलें.

फेनॅसिटिन गेलें तरी त्याचें घराणें बुडालें नाहीं. १९४८ सालीं न्यूयॉर्कमध्यें बर्नार्ड ब्रोडी व ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनीं एक साधा प्रश्न विचारला: ॲसिटॅनिलाइड पोटांत गेल्यावर त्याचें होतें काय? लघवीची परीक्षा करतां उत्तर मिळालें कीं, शरीर त्याचें बहुतांश रूपांतर पॅरासिटामॉलमध्यें करतें, आणि वेदना कमी करणारें खरें औषध तेंच होय. फेनॅसिटिनचीहि तीच गोष्ट निघाली. साठ वर्षें लोक पॅरासिटामॉलच घेत होते. मात्र दोन विषारी वेष्टनांत गुंडाळून. यांतील दुर्दैवाचा भाग असा कीं, पॅरासिटामॉल १८७७ च्या सुमारासच तयार झालें होतें, १८९३ सालीं फॉन मेरिंग यानें तें रोग्यांना देऊनहि पाहिलें होतें. पण त्यानेंहि रक्त निळसर होतें अशी समजूत करून घेऊन तें बाजूस टाकलें. त्या एका शेऱ्यापायीं पन्नास वर्षें फुकट गेलीं. १९५५ सालीं अमेरिकेंत व पुढच्या वर्षीं इंग्लंडांत तें विक्रीस आलें.

ॲस्पिरिनच्या घराण्याचें गुपित त्याहून उशिरा उलगडलें. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्यें जॉन व्हेन यांनीं १९७१ सालीं दाखविलें कीं, शरीरांत प्रोस्टाग्लॅन्डिन नांवाचीं जीं द्रव्यें तयार होतात, त्यांची निपज ॲस्पिरिन बंद पाडतें. या शोधाबद्दल त्यांस १९८२ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. स्नायूला इजा झाली कीं तेथें हीं द्रव्यें वाढतात, आणि वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचीं टोकें त्यांमुळें हळवीं होतात; मग साधा स्पर्श, साधी हालचाल देखील दुखूं लागते. डायक्लोफेनॅक प्रोस्टाग्लॅन्डिन बनविणाऱ्या एन्झाइमच्या कामांत खीळ घालतें. सूज उतरते, टोकांचा हळवेपणा कमी होतो. परंतु हींच द्रव्यें जठराच्या आंतल्या अस्तराचें आम्लापासून रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह सांभाळतात. चोर पकडण्यासाठीं गल्लींतले दिवे मालवावे आणि त्याबरोबर पहारेकऱ्याचाहि कंदील विझावा, तशी ही गत आहे. पोटांत जळजळ, जठरांतून रक्तस्राव, म्हाताऱ्या माणसांत मूत्रपिंडाचा बिघाड, हे दोष औषधाच्या गुणाबरोबरच जन्मास आलेले आहेत. ते चुकून आलेले नव्हेत. पॅरासिटामॉलचा मार्ग वेगळा. सुजेवर त्याचा परिणाम नगण्य असतो. त्याचें काम मुख्यतः मेंदूंत व मज्जारज्जूंत चालतें, आणि तें नेमकें कसें चालतें याविषयीं शास्त्रज्ञांत अजूनहि एकमत नाहीं.

आतां तिसरें घराणें. स्नायु सैल करणाऱ्या द्रव्याची पहिली ओळख दक्षिण अमेरिकेंतील मूळच्या लोकांच्या बाणांमुळें झाली. बाणांच्या टोकांस ते क्युरारे नांवाचें विष लावीत. पॅरिसचा क्लोद बेर्नार यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेडकांवर प्रयोग करून त्या विषाचा ठाव काढला. बेडकाच्या एका मागच्या पायाचा रक्तपुरवठा त्यानें दोरा बांधून तोडला, पण मज्जातंतु तसाच ठेवला. मग अंगांत विष घातलें. सगळें शरीर लुळें पडलें, परंतु विष न पोंचलेला तो एक पाय, पुढच्या अंगास चिमटा घेतांच हलला. म्हणजे बेडकाची जाणीव शाबूत होती, स्नायूहि शाबूत होते. मज्जातंतु जेथें स्नायूस मिळतो तो सांधाच तेवढा विषानें बंद झाला होता. १९४२ सालीं मॉन्ट्रियल येथें हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनीं भूल दिलेल्या रोग्यावर या द्रव्याचा उपयोग प्रथम केला आणि शस्त्रक्रियेचें तंत्र पालटलें. पण श्वासाचे स्नायूहि बंद पाडणारें हें औषध कंबरदुखीच्या माणसास गोळींतून देतां येणें शक्य नव्हतें.

गोळींतील औषध दुसरीकडून आलें. चेकोस्लोव्हाकियांत पिल्सेन येथें जन्मलेले फ्रँक बर्जर हे हिटलरच्या आक्रमणामुळें देश सोडून इंग्लंडांत आले होते. १९४५ च्या सुमारास ते लंडनमध्यें पेनिसिलिनचा नाश करणारे जंतु मारण्याच्या द्रव्याच्या शोधांत होते. हातीं आलेलीं द्रव्यें विषारी आहेत काय हें पाहण्यासाठीं उंदरांना टोंचलीं, तों उंदीर लुळे पडले. पाठीवर उलथे केले तर त्यांना वळतां येईना. तरीहि श्वास नीट चालू, हृदय नीट चालू, डोळे उघडे. कांहीं वेळानें ते पूर्ववत् हिंडूं लागले. जंतूंचा प्रश्न बाजूस ठेवून बर्जर यांनीं या लुळेपणाचा पाठपुरावा केला. विल्यम ब्रॅडली यांच्यासह १९४६ सालीं त्यांनीं मेफेनेसिन या औषधाचें वर्णन प्रसिद्ध केलें. हातीं नको तें आलें असतांना तें फेंकून न देणें ही वृत्ति दिसावयास सोपी दिसते, पण ती फार थोड्यांत आढळते.

मेफेनेसिनचा गुण फार वेळ टिकत नसे. अमेरिकेंत गेल्यावर बर्जर यांनीं रसायनज्ञ बर्नार्ड लुडविग यांच्या साहाय्यानें १९५० सालीं अधिक वेळ टिकणारें मेप्रोबामेट तयार केलें. न्यू जर्सींतील एका खेड्याच्या नांवावरून 'मिलटाउन' या नांवानें तें १९५५ सालीं बाजारांत आलें, आणि स्नायूंऐवजीं मनाची अस्वस्थता शमविणारें औषध म्हणून त्याची अशी झुंबड उडाली कीं, माल संपल्याच्या पाट्या दुकानदारांना लावाव्या लागल्या. १९५९ सालीं त्याचाच भाऊ कॅरिसोप्रोडॉल हा स्नायूंसाठीं म्हणून आला. त्याचें व्यापारी नांव 'सोमा'. वैदिक सोमरसाची आठवण व्हावी असेंच. याच कुळींत शोभणारें क्लोरझोक्साझोन त्याच्या आधींच, १९५८ सालीं, आलेलें होतें.

या सर्वांविषयीं एक गैरसमज नांवामुळेंच झाला आहे. 'स्नायु सैल करणारीं' असें म्हटलें तरी हीं औषधें स्नायूला हात लावीत नाहींत. दुखऱ्या पाठीचा स्नायु स्वतःहून आंखडत नसतो. वेदनेची वर्दी मज्जारज्जूंत जाते. तेथें मधल्या पेशींच्या साखळींतून ती हुकूम सोडणाऱ्या पेशींपर्यंत पोंचते, आणि स्नायूला आवळून धर असा हुकूम सुटतो. मेफेनेसिननें ही मधली साखळी मंदावते. गुडघ्यावर ठोका मारला असतां पाय उडतो, त्या क्रियेंत मधली पेशी नसते. म्हणून ती क्रिया त्या औषधानें बंद पडत नाहीं, आणि यावरूनच त्याचें स्थान ओळखतां आलें. क्लोरझोक्साझोन व कॅरिसोप्रोडॉल हींहि मज्जारज्जु व मेंदू यांतच काम करतात. मनुष्यानें नेहमींच्या प्रमाणांत तीं घेतलीं म्हणजे गुंगी येते. आणि रोग्यास वाटणाऱ्या आरामाचा मोठा भाग या गुंगीचाच असतो. कॅरिसोप्रोडॉलचें यकृतांत मेप्रोबामेट होतें, तेव्हां पाठीसाठीं म्हणून घेतलेली गोळी पोटांत गेल्यावर मनाची गोळी बनते, आणि तिची चटकहि लागते. म्हणूनच युरोपच्या औषध-संस्थेनें २००७ सालीं तिची विक्री थांबविण्याची शिफारस केली, आणि २०१२ पासून अमेरिकेंत ती नियंत्रित औषधांच्या यादींत गेली.

वेदनेमुळें स्नायु आंखडतो, आंखडल्यामुळें वेदना वाढते. तेव्हां चक्र दोन्हींकडून तोडावें, या विचारानें तिन्ही घराणीं एका गोळींत आलीं. प्रारंभींच्या 'सोमा कंपाउंड' गोळींत कॅरिसोप्रोडॉलच्या जोडीस फेनॅसिटिन आणि कॅफीन होतें, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे. विचार दिसावयास सुबक. पण त्याची पारख व्हावयास अर्धें शतक लोटलें. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत पाठ धरून आलेल्या ३२३ रोग्यांना ॲस्पिरिनच्या घराण्यांतील नॅप्रॉक्सेन देण्यांत आलें. त्यांपैकीं कांहींना जोडीस निःसत्त्व गोळी, कांहींना सायक्लोबेन्झाप्रीन हें स्नायूचें औषध, तर कांहींना अफूच्या जातीचें औषध व पॅरासिटामॉल. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला निकाल असा कीं, एका आठवड्यानंतर तिन्ही गटांची सुधारणा सारखीच होती. जोडीच्या औषधानें पदरांत कांहीं अधिक पडलें नाहीं. याचा अर्थ सगळींच मिश्रणें निरर्थक असा नव्हे. पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन दोन निरनिराळ्या ठिकाणीं काम करतात, आणि दाढ काढल्यानंतरच्या ठणक्यावर दोहोंची जोडी एकेकट्याहून सरस ठरलेली आहे. पक्षाघातानंतर ताठरलेल्या अंगावर बॅक्लोफेन उपयोगी पडतें, तीहि गोष्ट निराळी.

मिश्रणाचा एक धोका मात्र घरांतलाच आहे. पाठीच्या गोळींत पॅरासिटामॉल असतें, पडशाच्या गोळींत असतें, तापाच्या गोळींत तर असतेंच. नांवें वेगळीं म्हणून माणूस तिन्ही घेतो. प्रौढ माणसास दिवसांत ४ ग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा. या औषधाचा अल्पसा अंश यकृतांत विषांत बदलतो आणि ग्लुटाथायोन नांवाचें द्रव्य त्या विषाचा निचरा करतें. मर्यादा ओलांडली कीं ग्लुटाथायोनचा सांठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरूं लागतात. पहिल्या दिवशीं थोडी मळमळ यापलीकडे कांहीं जाणवतहि नाहीं. कावीळ दिसते तेव्हां उताऱ्याच्या उत्तम घटका निघून गेलेल्या असतात. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत मिळाला तर यकृत बहुधा वांचतें. अमेरिकेनें २०११ सालीं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील मिश्रणांत एका गोळीस ३२५ मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली, ती यामुळेंच.

हिंदुस्थानांत मिश्र औषधांची संख्या इतर देशांच्या मानानें फारच मोठी. केंद्र सरकारनें मार्च २०१६ मध्यें ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें ती उठविली, सर्वोच्च न्यायालयानें प्रकरण तज्ज्ञांकडे पाठविलें, आणि सप्टेंबर २०१८ मध्यें ३२८ मिश्रणें पुन्हां बंद झालीं. सॅरिडॉन त्या यादींत होती. तिच्यांतील फेनॅसिटिनची जागा पूर्वींच पॅरासिटामॉलनें घेतली होती, आणि १९८८ पूर्वींपासूनची म्हणून न्यायालयांत ती सुटली. ऑगस्ट २०२४ मध्यें आणखी १५६ मिश्रणें बंद झालीं. त्यांत ५० मिलिग्रॅम ॲसिक्लोफेनॅक व १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल यांची गोळी होती.

त्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्यें बीबीसीनें एक प्रकरण उघडकीस आणलें. मुंबईची एक कंपनी टॅपेन्टाडॉल हें अफूच्या जातीचें वेदनाशामक आणि एक स्नायु सैल करणारें औषध यांची गोळी करून पश्चिम आफ्रिकेंत पाठवीत होती. अशा मिश्रणास कोणत्याहि देशांत परवानगी नव्हती. घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट येथील रस्त्यांवर तरुण मुलें ती नशेसाठीं घेत. केंद्राच्या व महाराष्ट्राच्या औषध-निरीक्षकांनीं कारखान्याची तपासणी करून काम थांबविलें, आणि देशाच्या औषध-नियंत्रकांनीं त्या मिश्रणाच्या उत्पादनाची व निर्यातीची सर्व परवानगी काढून घेतली. गोळींतील दुसरें औषध होतें १९५९ चें कॅरिसोप्रोडॉल.